रविवारी न धावलेला विजेता

११ जुलै १९२४. पॅरिसजवळच्या कोलोंब स्टेडियमवर ब्रिटनच्या एरिक लिडेलने ऑलिंपिकची ४०० मीटर शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. सर्वात बाहेरच्या लेनमधून धावल्याने प्रतिस्पर्धी त्याला दिसत नव्हते. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून तो सुरुवातीपासूनच सुसाट सुटला आणि विश्वविक्रम करून थांबला.

त्याची हुकमी शर्यत खरे तर १०० मीटरची. तिची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार देवाचा, म्हणून या धर्मनिष्ठ ख्रिस्ती तरुणाने ती सोडली. याच कथेवर १९८१ मध्ये ‘चॅरियट्स ऑफ फायर’ आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पटकावून गेला. चित्रपटात लिडेलला रविवारची बातमी बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ती त्याला कित्येक महिने आधीच ठाऊक होती. नकार देऊन तो स्वस्थ बसला नाही, ४०० मीटरच्या सरावाला लागला. पडद्यावरच्या नाट्यापेक्षा हा चिवटपणाच अधिक मोलाचा. खेळाडूंवरचे चित्रपट आजही धडाधड निघतात. पण सरावाचे रटाळ महिने दाखवायला कुणी धजावत नाही.

याच कोलोंबच्या मैदानावर २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले.