असल्फा : मेट्रोतून दिसणाऱ्या रंगीत टेकडीची गोष्ट काय आहे?

मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने जाताना असल्फा स्टेशनजवळ एक टेकडी दिसते. पिवळी, निळी, गुलाबी घरं एकावर एक रचल्यासारखी! सोशल मीडियावर तिला इटलीतल्या पर्यटनस्थळावरून 'मुंबईचं पोझितानो' म्हणतात. प्रत्यक्षात ती घाटकोपरमधली दाटीवाटीची झोपडपट्टी आहे.

रंग कुठून आले?
डिसेंबर 2017 मध्ये 'चल रंग दे' उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या साथीने इथल्या भिंती रंगवल्या. काही भिंतींवर चित्रंही काढली. मुंबई मेट्रो वन आणि स्नोसेम पेंट्स यांचा यात सहभाग होता. ब्राझीलमध्ये रिओच्या सँता मार्ता वस्तीतली 34 घरं 2010 मध्ये अशीच रंगवली गेली होती.

काय बदललं?
एरवी ज्या वस्तीकडे लोक पाठ फिरवायचे, ती बघायला लोक मुद्दाम येऊ लागले. पण रंगामुळे बोळ रुंद होत नाहीत, नळाला पाणी येत नाही. मुंबईच्या पावसात रंगही उडतो आणि भिंती पुन्हा रंगवाव्या लागतात.

फोटो काढायला जाताय?
इथल्या प्रत्येक भिंतीमागे कुणाचं तरी घर आहे. दारात, उंबऱ्यावर कॅमेरा उचलण्याआधी घरच्यांना विचारा.