घुमणारा दिवाणखाना

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. दरबारच्या नोकरीसाठी दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी इथे वाडे बांधले. इथला उन्हाळा कडक. तापलेली हवा वर राहावी म्हणून दिवाणखान्याचे छत १२-१४ फूट उंच ठेवण्याची पद्धत होती. आज त्याच उंच खोल्यांबद्दल घरोघरी एक तक्रार ऐकू येते : खोली फार घुमते. टीव्ही लावला, दोन माणसे बोलू लागली, की शब्द एकमेकांत मिसळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, आपले कान गेले. पण पुष्कळदा अर्धा दोष खोलीचा असतो.

मग पूर्वी काय होत असे? ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे माहेर. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे संगीत विद्यालय काढले. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. ध्वनिक्षेपकाचा तो काळ नव्हे. घरगुती बैठकीत गवयाची बारीक तानही शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोचावी लागे.

या कोड्याचे उत्तर दूर अमेरिकेत सापडले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना. आवाज बंद झाल्यावरही सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवले गेले. रात्री रस्ते शांत झाले की तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवी, ऑर्गनची नळी वाजवी, घुमारा किती वेळ टिकतो ते घड्याळावर मोजी आणि सकाळपूर्वी गाद्या परत पाठवी. गाद्या वाढल्या की घुमारा घटे. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून कोणती वस्तू किती खिडकीइतका आवाज गिळते, असे माप त्याने ठरवले. त्यातून निघालेला नियम सोपा आहे : खोलीचे घनफळ जेवढे मोठे तेवढा घुमारा लांब, आवाज गिळणारे सामान जेवढे जास्त तेवढा तो आखूड.

आता आपला दिवाणखाना घ्या. लांबी २० फूट, रुंदी १५, उंची १४. घनफळ ४,२०० घनफूट. गुळगुळीत भिंती आणि फरशी आवाजाचा शेकडा दोन-तीन भागच गिळतात. अशी रिकामी खोली सॅबाइनच्या हिशेबाने चार सेकंदांहून अधिक घुमते. तिच्यात १०० चौरस फूट उघड्या खिडकीइतके कापड आणले, तर घुमारा दीड सेकंदाच्या आत येतो.

हे कापड पूर्वी होतेच. सतरंजीवर जाजम, त्यावर गाद्या, लोड, तक्के. दारांना जाड पडदे, उन्हाळ्यात वाळ्याचे. वर दोरीने ओढायचा कापडी झालरीचा पंखा. जयविलास महालाच्या (१८७४) दरबारातल्या झुंबरांची आणि छतावर चढवलेल्या हत्तींची गोष्ट आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. पण खालचा अवाढव्य गालिचा, जो ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, तोही त्या दालनात आपले काम करत होता. आपण मात्र उंची ठेवली आणि कापड काढून टाकले. सतरंज्या माळ्यावर गेल्या, फरशीवर चकचकीत टाइल्स आल्या, झालरीच्या जागी विजेचा पंखा आला.

बाहेरचा गोंगाट ही मात्र निराळी गोष्ट. तो गाद्यांनी अडत नाही. त्याला जाड भिंत आणि घट्ट बसणारे दार लागते. वाड्यांच्या भिंती अजून ते काम करतात. आवाज शिरतो तो दाराखालच्या आणि खिडकीच्या फटींतून. त्या आधी बुजवाव्यात.

घुमाऱ्यासाठी उपाय घरातलेच आहेत. जाड सतरंजी किंवा गालिचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत भरपूर चुण्या पडतील असे पडदे. एका भिंतीला पुस्तकांची उघडी कपाटे. बसायला कापसाच्या गाद्या. पातळ गालिचा फक्त वरच्या पट्टीतला आवाज गिळतो, खर्जाला जाडी लागते. म्हणून जुनी गादी टाकून देऊ नये.

सॅबाइनने आणखी एक गोष्ट मोजली होती : माणूस. अंगावरच्या कपड्यांसह बसलेला एक माणूस साधारण चार-पाच चौरस फूट खिडकीचे काम करतो. वरच्या खोलीत गाद्यांवर २० माणसे बसली, की घुमारा एका सेकंदाच्या खाली उतरतो. आरतीला घर भरते तेव्हा त्याच खोलीत प्रत्येक शब्द स्पष्ट कळतो, तो यामुळे. आज कितीतरी वाड्यांत दोन वृद्ध माणसे राहतात. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी. नातवंडे फोनवर मराठी बोलतात तेव्हा निदान ते शब्द आजी-आजोबांना नीट ऐकू यावेत, एवढे तर माळ्यावरची सतरंजी नक्की करील. बाकीचे काम माणसांनी घरी येऊनच करायचे आहे.