सीपॅप मशीनचा डेटा कसा वाचायचा? आधी तास, मग गळती, शेवटी एएचआय

स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन घेतलं की रोज सकाळी एक आकडा समोर येतो: एएचआय. तो ५ च्या खाली असला की आपण खूश. मीही खूश होतो. स्लीप स्टडीत माझा एएचआय ३८ आला होता आणि मशीन लावल्यावर आठवड्याभरात स्क्रीनवर २ दिसायला लागला. बायको म्हणाली, "अहो, आकडा एवढा चांगला आहे, मग दुपारी खुर्चीत मान का टाकता?" मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागतो.

तिसऱ्या आठवड्यात हायवेवर गाडी चालवताना डोळा लागला. कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर चाक गेलं, त्या आवाजाने जागा झालो. गाडीत मुलगी होती. त्या रात्री मशीनचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि कळलं की आकडा खोटा नव्हता, पण मी तो चुकीचा वाचत होतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

मशीन करतं काय?

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट बंद होते. मोठ्या माणसांत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता बराच कमी झाला तर हायपोप्निया. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती वेळा होतं, तो एएचआय. ५ पेक्षा कमी असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

सीपॅप मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून ठरावीक दाबाने नाकातून सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८१ साली मांडली. मूळ कल्पना आजही तीच आहे. घरगुती मशीनचा दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका असतो. ऑटो मशीन या मर्यादेत गरजेप्रमाणे दाब वर-खाली करतं.

मशीनला काय कळत नाही?

तुम्ही झोपलात की जागे आहात, हे त्याला कळत नाही. रक्तातला ऑक्सिजन ते स्वतः मोजत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मास्क काढल्यानंतर तुमचं काय झालं, हे त्याला अजिबात माहीत नसतं.

पहिला आकडा: तास

मशीनचा एएचआय हा मास्क लावलेल्या तासांचाच असतो. माझ्या कार्डावर दिसलं की रात्री साडेअकराला लावलेला मास्क मी अडीचच्या सुमारास झोपेतच काढून टाकत होतो. सकाळी मला काहीच आठवत नसे.

आता हिशेब करा. मास्कसह ३ तास, तासाला २, म्हणजे ६ अडथळे. पुढचे ४ तास मास्कशिवाय, तासाला ३८ धरले तर १५२. एकूण १५८ भागिले ७, म्हणजे तासाला २२ च्या वर. स्क्रीनवर २ आणि प्रत्यक्षात २२! त्यात आणखी एक भर. स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा अ‍ॅप्निया त्याच झोपेत वाढतो. थोडक्यात, जेव्हा मास्क सगळ्यात जास्त हवा तेव्हाच तो उशीखाली होता.

रेसमेडच्या मायएअर अ‍ॅपमध्येही १०० पैकी ७० गुण फक्त तासांना आहेत, अडथळ्यांना ५. मी ते गुण सोडून एएचआयच बघत बसलो, ही माझी चूक.

"४ तास लावलं तरी चालतं" असं कोणी सांगेल. तो आकडा अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याच्या नियमातून आला आहे: ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री किमान ४ तास. मशीन वापरात आहे का, हे तपासायची ती अट आहे. आपलं उद्दिष्ट संपूर्ण झोप, दुपारची डुलकीसुद्धा.

दुसरा आकडा: गळती

मास्कला छिद्रं असतात, उच्छ्वास बाहेर जावा म्हणून. ती बंद करायची नाहीत. त्याशिवाय कडेने किंवा उघड्या तोंडातून जाणारी हवा म्हणजे खरी गळती. रेसमेडच्या मशीनमध्ये ती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली तर जास्त समजतात. गळती फार वाढली की दाब नीट पोचत नाही आणि अडथळेही नीट मोजले जात नाहीत. म्हणजे एएचआयवरही भरवसा ठेवता येत नाही. काही कंपन्या छिद्रांतून जाणारी हवा धरून एकूण आकडा देतात, त्यामुळे मित्राच्या मशीनशी तुलना करू नका.

माझी गळती मिशीमुळे होती. नाक झाकणारा मास्क मिशीवर नीट बसत नव्हता. नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क घेतला, मिशी वाचली. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क विचारा. आणि पट्टे करकचून आवळू नका. आवळल्याने उशी चेपते आणि गळती उलट वाढते. मास्क बसवायचा तो आडवं पडून, मशीन चालू ठेवून.

तिसरा आकडा: एएचआय

तास आणि गळती ठीक असेल तरच इकडे या. एका रात्रीवर जाऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. सर्दी, दारू किंवा पाठीवर झोपणं, एवढ्यानेही एखादी रात्र बिघडते.

आकड्याच्या आत दोन प्रकार असतात. ओए म्हणजे घसा बंद झाला. सीए म्हणजे घसा उघडा होता पण श्वास घेतलाच नाही. कूस बदलताना जागेपणी श्वास रोखला तरी मशीन सीए लिहितं. नव्याने थेरपी सुरू झाल्यावर सीए थोडे वाढू शकतात आणि अनेकांचे काही आठवड्यांत कमी होतात. पण ते सतत जास्त दिसले तर डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी स्वतः दाब वाढवला तर त्रास वाढू शकतो.

डेटा बघायचा कुठे?

- स्क्रीन किंवा अ‍ॅप: रोजच्या नजरेसाठी पुरेसं.
- मेमरी कार्ड आणि ऑस्कर: ऑस्कर हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. मास्क किती वाजता निघाला, गळती कधी वाढली, सगळं आलेखात दिसतं. आपलं मॉडेल त्यात चालतं का, ते आधी बघा. अनेक मशीनमध्ये कार्ड आत असेल तरच सविस्तर नोंद होते. लॅपटॉपला लावण्याआधी कार्डाच्या कडेची लॉकची कळ सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. परत मशीनमध्ये घालताना ती उघडा.

मास्क रात्रभर कसा टिकला?

- रोज संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसलो, मशीन चालू ठेवून. गुदमरल्याची भीती जागेपणीच गेली.
- रॅम्प सुरू केला: दाब कमी सुरू होऊन हळूहळू वाढतो.
- उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा कमी करणारी सोय डॉक्टरांना विचारून चालू केली.
- नाक कोरडं पडायचं म्हणून आर्द्रता वाढवली. टाकीत डिस्टिल्ड पाणी, कारण नळाच्या पाण्याने क्षार साचतात. नळीत पाणी जमत असेल तर आर्द्रता एक पायरी खाली आणा.
- जाग आली आणि मास्क हातात असला की वेळ न बघता परत लावायचा, हा घरचा नियम. बायकोलाही सांगून ठेवलं, "मी घोरायला लागलो की उठव."
- लाइट जाते तिथे इन्व्हर्टर हवाच. बॅटरीवर चालवताना आर्द्रता बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तीच खाते.

जुनं मशीन घेत असाल तर मॉडेल नक्की तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या बिघाडामुळे अनेक मॉडेल परत मागवली होती.

डॉक्टरांकडे काय न्यायचं?

दोन आठवड्यांची सरासरी एका कागदावर: तास, गळती, एएचआय. आणि चौथी ओळ, जी कुठलंच मशीन लिहीत नाही: दिवसा झोप येते का? आकडे छान असूनही येत असेल तर कारण वेगळं असू शकतं, आणि ते कळेपर्यंत गाडी चालवू नका.

माझी सरासरी आता साडेसहा तास आणि एएचआय ३ आहे. म्हणजे आकडा २ वरून ३ वर "बिघडला". पण हा ३ रात्रभराचा आहे. हायवेच्या त्या दिवसानंतर दोन महिने गाडी बायकोने चालवली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच मी पुन्हा स्टिअरिंगवर बसलो.