मध : एका घरगुती औषधाची कसोटी

खोकल्याला आल्याच्या रसांत मध, भाजल्यावर मधाचा लेप आणि नवजात अर्भकाच्या जिभेवर मधाचें बोट, हे तीन उपचार महाराष्ट्रांतील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तिन्हींचा आधार एकच : वडीलधाऱ्यांचा शब्द. परंतु अनुभवाच्या कसोटीला तिन्ही सारखे उतरले नाहींत.

मधाचा औषधी उपयोग फार प्राचीन आहे. एडविन स्मिथ या संग्राहकानें १८६२ सालीं इजिप्तमधील लक्सर येथें शस्त्रवैद्यकावरील एक पपायरस विकत घेतला. तो इ. स. पूर्वी सुमारें १६०० या काळांतील आहे. जखमेवर पहिल्या दिवशीं ताजें मांस बांधावें आणि पुढें ती बरी होईपर्यंत रोज चरबी, मध व धागे यांची पट्टी ठेवावी, असें त्यांत वारंवार सांगितलें आहे. भारतांत चरकसंहितेनें मधाचे चार आणि सुश्रुतसंहितेनें आठ प्रकार वर्णिले. सुश्रुताच्या मतें मध हा व्रण शुद्ध करणारा व भरून आणणारा आहे. मात्र या वैद्यकानें मधाला मर्यादाही घातली : तो तापवून घेऊं नये, आणि तूप व मध समभाग एकत्र करूं नयेत.

विसाव्या शतकाच्या मध्यास पेनिसिलीनसारखीं औषधें आलीं आणि मध रुग्णालयांतून मागें पडला. घरांत तेवढा टिकला. पुढें सोलापूर येथील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनीं त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली. वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे त्यांनीं दोन सारखे गट केले. एकास शुद्ध मध व दुसऱ्यास त्या काळीं रूढ असलेलें चांदीयुक्त औषध लाविलें. १५ दिवसांत मधाच्या गटांतील शेंकडा ८७ जखमा भरल्या, दुसऱ्या गटांतील अवघ्या शेंकडा १०. हा वृत्तांत १९९१ सालीं 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्यें प्रसिद्ध झाला. खोकल्याच्या बाबतींतही २००७ सालीं अमेरिकेंत १०५ मुलांवर परीक्षा झाली, आणि झोपण्यापूर्वीं दिलेल्या मधानें रात्रीची ढास कमी झालेली आढळली.

यांत जादू नाहीं. मधांत सुमारें चार पंचमांश साखर असून पाणी फार थोडें असतें. त्यामुळें जंतूंना लागणारा ओलावाच मिळत नाहीं. तो आम्लही आहे. शिवाय मधमाशीच्या शरीरांतून त्यांत एक पाचक द्रव्य उतरतें. जखमेच्या पाण्यानें मध पातळ झाला कीं त्या द्रव्यामुळें हायड्रोजन पेरॉक्साइड हें जंतुनाशक हळूहळू तयार होतें.

परंतु मधांत जंतु वाढत नसले तरी कांहींचीं बीजें त्यांत सुप्तावस्थेंत जिवंत राहतात. बोट्युलिझम या विकाराचीं बीजें अशींच आहेत. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत त्यांना थारा मिळत नाहीं. वर्षाच्या आंतील बाळाच्या आंतड्यांत मात्र तीं रुजून विष तयार करूं शकतात. मग मलावरोध होतो, रडणें क्षीण होतें, दूध ओढवत नाहीं, अंग लुळें पडतें आणि श्वासही अडूं शकतो. बाळांना होणारा हा विकार १९७६ सालीं अमेरिकेंत प्रथम ओळखला गेला, आणि पुढें त्याचा मधाशीं संबंध आढळला. घरीं मध उकळल्यानेंही हीं बीजें मरत नाहींत.

तेव्हां खोकल्याला वर्षावरील मुलास चमचाभर मध द्यावा. भाजल्यास प्रथम वाहतें गार पाणी घ्यावें आणि जखम मोठी असल्यास वैद्य गांठावा. रुग्णालयांत वापरला जाणारा मध निर्जंतुक केलेला असतो, फडताळांतील बाटलींतला तसा नसतो. आणि जन्मल्याबरोबर मध चाटविण्याची चाल कितीही मायेची असली तरी सोडून द्यावी. प्राचीन वैद्यांनीं मधाला मर्यादा घातल्याच होत्या; त्यांत ही आणखी एक. पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळगुटीच्या सहाणेवरही मधाचा थेंब नसावा.