सुशीचे प्रकार : उपाहारगृहाच्या पदार्थयादीतील इतिहास

१. प्रस्तावना

जपानी उपाहारगृहात प्रथमच जाणाऱ्या व्यक्तीला तेथील पदार्थांची यादी बहुधा गोंधळात टाकते. निगिरी, माकी, गुंकान, चिराशी, इनारी, साशिमी अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात आणि ती सर्व एकाच प्राचीन परंपरेतून आली असावीत, असा समज होतो. सुशी म्हणजे कच्चा मासा, हाही असाच एक रूढ समज होय. वस्तुतः सुशीची ओळख माशावरून नव्हे, तर आंबट भातावरून ठरते. 'सुशी' हा शब्दच 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणापासून आला आहे. त्यामुळे भाताविना वाढलेले कच्च्या माशाचे काप, म्हणजेच साशिमी, सुशीत मोडत नाहीत. हा आंबटपणा मुळात आंबवण्यातून येत असे. मराठीतही 'आंबट' आणि 'आंबवणे' हे शब्द एकाच कुळातील आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रस्तुत निबंधात सुशीच्या प्रकारांचा कालक्रम मांडून, आज 'अस्सल' मानली जाणारी सुशी कोणत्या परिस्थितीत घडली, याचा विचार केला आहे.

२. साठवणीचे तंत्र

सुशीचे सर्वांत जुने रूप म्हणजे नारेझुशी. मिठात मुरवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून अनेक महिने ठेवला जाई. भात आंबून तयार होणाऱ्या आम्लामुळे मासा टिकत असे. भात मात्र टाकून दिला जाई. हे तंत्र आग्नेय आशियातील भातशेतीच्या प्रदेशातून चीनमार्गे जपानमध्ये आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. इ.स. ७१८ च्या योरो संहितेत कररूपाने द्यावयाच्या वस्तूंत सुशीचा उल्लेख आहे. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहातही निरनिराळ्या प्रांतांकडून येणाऱ्या सुशीची नोंद आढळते. म्हणजेच सुशी ही प्रथम राज्याच्या महसुलाची वस्तू होती. बिवा सरोवराच्या परिसरातील फुनाझुशी हा या परंपरेचा आजही टिकून असलेला नमुना आहे.

पुढे मुरोमाची काळात आंबवण्याचा अवधी कमी झाला आणि माशाबरोबर भातही खाल्ला जाऊ लागला. सुशीच्या इतिहासातील हे निर्णायक वळण होय; कारण टिकवण्याचे साधन असलेला भात येथे स्वतःच अन्न बनला.

३. एदो शहर आणि निगिरी

एदो काळात भातात व्हिनेगर मिसळून आंबटपणा तत्काळ आणण्याची रीत रुळली. ओसाका परिसरात लाकडी साच्यात दाबून वड्या पाडलेली हाकोझुशी लोकप्रिय झाली. एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, १८२० च्या दशकात हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवण्याची पद्धत पुढे आली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई (१७९९-१८५८) यांना दिले जाते. हांडा येथील मद्यनिर्माते नाकानो मातझाएमोन यांनी १८०४ मध्ये मद्याच्या चोथ्यापासून व्हिनेगर बनवण्यास प्रारंभ केला होता. एदोतील सुशीविक्रेत्यांना ते सोयीचे ठरले. श्रमिकांच्या या शहरात निगिरी हे रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याने खाण्याचे अन्न होते. बर्फाची सोय नसल्याने मासा बहुधा व्हिनेगरमध्ये वा सोया सॉसमध्ये मुरवलेला अथवा शिजवलेला असे. आज महाग असलेला ट्यूनाचा चरबीयुक्त भाग त्या काळी टाकाऊ समजला जाई.

४. शासकीय आदेश आणि राष्ट्रीय पदार्थ

एका शहराची निगिरी देशभर कशी पसरली? १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील अनेक कारागीर आपापल्या गावी परतले, हे एक कारण सांगितले जाते. तथापि दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. महायुद्धोत्तर अन्नटंचाईत, १९४७ मध्ये, उपाहारगृहांच्या व्यवसायावर कडक निर्बंध आले. तेव्हा तोक्योच्या सुशी व्यावसायिकांनी एक तोडगा काढला. ग्राहकाने एक गो, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, तांदूळ आणावा आणि केवळ मजुरी देऊन दहा सुशी घ्याव्यात. ही अन्नविक्री नसून प्रक्रिया आहे, हा युक्तिवाद मान्य झाला. अन्य प्रांतांनी हाच नमुना स्वीकारल्याने निगिरीला देशव्यापी स्थान मिळाले व स्थानिक प्रकार मागे पडले. अभिरुचीइतकाच टंचाईचा आणि परवान्याचाही हा परिणाम होता.

५. नवे प्रकार

यादीतील इतर नावेही अशीच वेगवेगळ्या काळांतील आहेत. सागरी शेवाळाच्या कागदासारख्या नोरीत गुंडाळलेली माकी एदो काळातील आहे, तर माशाची अंडी सांडू नयेत म्हणून नोरीचा काठ दिलेली गुंकान १९४१ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात निर्माण झाली. शिराइशी योशिआकी यांनी १९५८ मध्ये फिरत्या पट्ट्यावरील सुशीचे दुकान काढले. ही कल्पना त्यांना बिअरच्या कारखान्यात सुचली. ॲव्होकॅडो घातलेला कॅलिफोर्निया रोल उत्तर अमेरिकेत जन्मला. कच्च्या सॅमनची निगिरी तर नॉर्वेने १९८० च्या दशकात जपानमध्ये केलेल्या विक्रीप्रयत्नांतून रुळली.

६. निष्कर्ष

यावरून असे म्हणता येईल की, सुशीची यादी हा विविध कालखंडांचे थर असलेला एक दस्तऐवज आहे. प्राचीनता हाच अस्सलतेचा निकष मानल्यास निगिरीलाही बाद ठरवावे लागेल. शाकाहारी सुशी हा भारतीय ग्राहकासाठी केलेला अपभ्रंश आहे, हे मतही टिकत नाही. काकडीची कप्पा माकी, वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांची कान्प्यो माकी आणि तळलेल्या तोफूच्या पिशवीतील इनारी हे जपानमधलेच प्रकार आहेत. मात्र यांतील काही घटक माशाच्या सारात शिजवले जातात, म्हणून शाकाहारी व्यक्तीने विचारून घेणे इष्ट. दुसरीकडे, ज्या फुनाझुशीत या परंपरेचे मूळ जपले गेले, तिच्यासाठी लागणारा बिवा सरोवरातील मासा अधिवासाच्या ऱ्हासामुळे व परकीय माशांच्या आक्रमणामुळे दुर्मीळ झाला आहे. अस्सलतेची चर्चा ताटापुरती मर्यादित न ठेवता ती जलाशयापर्यंत नेणे, हे खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांपुढील खरे कार्य आहे.