१०८ चा फोन पुण्यात वाजतो
बर्डीवर कुणी गाडीवरून पडलं की मी आधी १०८ लावतो. हा नंबर २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाला. महाराष्ट्रात तो २०१४ ला आला, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यातल्या फक्त २३३ प्रगत उपचारांच्या. त्याआधी जखमीला ऑटोत घालून मेडिकलला न्यायचं, एवढंच हातात होतं.

राज्यभरातले कॉल पुण्यातल्या कक्षात जातात, म्हणून नुसतं ‘बर्डी’ सांगून चालत नाही. ‘नागपूर, सीताबर्डी, व्हरायटी चौक’ असं पूर्ण सांगा. जखमी किती, शुद्धीवर आहेत का, हेही सांगा.

पोलीसही हवेत? मग ११२. आणि हो, २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही.