नहर, नाथसागर आणि नळ

मागच्या पिढ्यांनी आपल्या काळाविषयी जी स्वप्ने पाहिली, ती आपण कितपत खरी केली? दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो. त्या निमित्ताने समाजानेही आपली जुनी वही एकदा चाळून पाहायला हरकत नसावी.

काही स्वप्ने कल्पनेहूनही चोख उतरली आहेत. १८६५ साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने तोफेच्या गोळ्यात माणसे बसवून ती चंद्राकडे धाडली, तेव्हा लोकांनी ती कादंबरी करमणूक म्हणून वाचली. १९६९ साली माणूस खरोखरच चंद्रावर उतरला. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयानाने तर तेथे पाण्याच्या खुणाही शोधल्या. परंतु पाण्याचाच विषय निघाला, तर आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वहीत हिशेब इतका सरळ नाही.

हे शहर मुळी पाण्याच्या स्वप्नावरच वसले. १६१० साली निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवले. गावाचे नावच खडकी! पाऊस बेताचा, नदी म्हणावी ती लहानशी खाम. हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने उत्तरेकडच्या डोंगरांत मुरणारे पाणी हेरले आणि जमिनीखालून नहर काढून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे ठरवले. दरबारातल्या शहाण्यांनी त्याची थट्टा केली, असे सांगतात. पण नहर झाली आणि पाणी आले. वाटेत ठिकठिकाणी उंच बंबे उभारलेले होते. त्यांत पाणी वर चढे, नळीत कोंडलेली हवा निघून जाई आणि पुढचा प्रवाह सुरळीत चाले. पुढे पाणचक्कीवरही असेच डोंगरातले पाणी आले आणि त्याच्या जोरावर धान्य दळले जाऊ लागले. या व्यवस्थेला ना तेल लागे, ना वीज. तिला लागे ती फक्त नित्याची देखभाल. तीच पुढे सुटली. नहरीवर घरे उठली, रस्ते झाले, नळ्या फुटल्या.

दुसरे स्वप्न अलीकडचे. गोदावरीवर मोठे धरण बांधावे, ही कल्पना हैदराबाद संस्थानच्या काळातली. जागा धरली होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नवी पाहणी झाली आणि धरण सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणला गेले. नाव तेवढे जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, शंभर अब्ज घनफुटांहून अधिक पाणी! एकनाथांच्या गावचा म्हणून तो नाथसागर. मराठवाड्याचा दुष्काळ हटेल या आशेसाठी कितीतरी गावांची घरे आणि काळ्याभोर जमिनी त्याच्या पोटात गेल्या.

हे स्वप्न खोटे ठरले काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. धरणाने शेते भिजवली, कारखाने जगवले. १९७१ साली दीड लाखाच्या आसपास असलेली शहराची वस्ती २०११ साली पावणेबारा लाखांवर गेली. एवढ्या माणसांची तहान नहरीने भागली नसती. तरीही २०२२ च्या उन्हाळ्यात याच शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होते आणि बायाबापड्या हंडे घेऊन मोर्च्यात चालत होत्या. धरणात पाणी होते. पण धरण शहरापासून दूर आणि सुमारे शंभर मीटर खाली. पाणी पंपांनी वर चढवावे लागते, आणि वस्ती वाढली त्या वेगाने पंप आणि नळ वाढले नाहीत. २०२० साली १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेची पायाभरणी झाली. तिचा खर्चही पुढे वाढत गेला.

दुसरी अडचण माणसांच्या मनातली. नाशिक-नगरकडची धरणे भरल्यावर उरेल ते पैठणला येते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा नियम झाला. पण त्यासाठीही लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. रामेश्वराला न्यायचे गंगाजल ज्या नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले, त्यांच्याच नावाच्या सागरासाठी हा तंटा!

तेव्हा जमाखर्च असा दिसतो. स्वप्नाचा जो भाग दगडाचा, लोखंडाचा आणि बुद्धीचा होता, तो आपण फेडला. थोडा व्याजासकट फेडला. जो भाग रोजच्या राखणीचा आणि वाटून घेण्याचा होता, तो थकीत आहे. त्याला नवे यंत्र नको, माणसे हवीत: गळती शोधणारी, मापाने देणारी, खालच्या गावची तहान ओळखणारी. प्रगतीचे माप धरणाच्या उंचीवर नव्हे, तर गल्लीतल्या शेवटच्या घरच्या नळावर घ्यावे. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला त्या घरातली माउली आदल्या आठवड्याचे साठवलेले पाणी न मोजता बंब भरील, तेव्हाच ही बाकी वळती झाली, असे खुशाल लिहावे.